ऐकणे : सत्त्याण्णव टक्के

माझ्या मुलाला एक वाईट खोड लागली आहे. मी काही सांगितलं की तो तोंडाने उत्तर देत नाही, फोन पुढे करतो. तुझी पोरगी जेवत नाही म्हटलं, की फोन. पोरगी किरकिरी झालीय म्हटलं, की फोन. त्यावर हिरवा डोंगर काढलेला असतो, डावीकडून उजवीकडे चढत गेलेला, आणि त्याच्या शेंड्यावर बोट ठेवून तो म्हणतो, "आई, बघ ना, सगळं छान चाललंय." चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण आईशी दोन वाक्यं बोलायची तर त्याला आधी डोंगर दाखवावा लागतो.

मी तिसरीपर्यंत शिकले. तिथून पुढे जे शिकले ते मशीनवर बसून. चौतीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. आधी एक मशीन, मग चार, हाताखाली सहा बायका. तीन शाळांची पोरं माझ्याकडे मापाला यायची. नंतर एका मोठ्या कंपनीने शाळांशी करार केला, तयार गणवेश खोक्यात भरून यायला लागले, आणि माझ्या मशीनवर कव्हर चढलं. म्हणून बाजार कसा फिरतो हे मला कुणी शिकवू नये. तो फिरतो तेव्हा आवाज करत नाही. एका सकाळी गिऱ्हाईक येत नाही, एवढंच.

मुलाने वेगळा धंदा काढला. लहान पोरांना खेळता खेळता शिकवणारं ॲप. टायरच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, जिना लोखंडी, खालून दिवसभर हवा भरायचा फुस्स आवाज. आत तिघं. माझा मुलगा, जो सगळी जुळणी करायचा. एक चित्रं काढणारी मुलगी, जी कधीच काही बोलायची नाही. आणि मुलाचा भागीदार, ज्याला बोलण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं. बाजारात काय चाललंय ते वाचून येऊन सांगायचं, हे त्याचं काम. मी त्याला बातमीदार म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे.

सून बँकेच्या काउंटरवर. आठला घर सोडते. त्यामुळे नातीला घेऊन मी रोज त्या खोल्यांमध्ये जाऊन बसायचे. नातीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यासाठी आहे. मी तिला ठकी म्हणते. तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिच्यासाठी बुटकं टेबल, त्यावर टॅब, वर भिंतीत डोळ्याएवढा कॅमेरा. ॲपमध्ये काही नवं घातलं की पहिल्यांदा ठकीच्या हातात. ती कुठे रमते, कुठे कंटाळते, कुठे उठून जाते, ते हे तिघं शेजारच्या खोलीतून बघायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही नवा कागद बेतला की पहिला झगा घरच्याच पोराला घालून बघायचे.

बातमीदार मला समजावून सांगायचा. त्याला ऐकणारं कुणीतरी लागायचं आणि मला वेळ होता.

"काकू, आधी सगळे दहावी-बारावीच्या मुलांच्या मागे होते. तिथे गर्दी झाली. मग सहा ते दहा. तिथेही गर्दी. आता खरी मजा दोन ते पाच वर्षांत आहे. मूल ज्याच्या हाती आधी लागेल, ते त्याचं."

"म्हणजे माप खाली खाली उतरतंय," मी म्हटलं. "पुढे पोटातल्या बाळाला विकाल."

तो हसला आणि वहीत लिहून घेतलं. मी थट्टा केली होती. त्याने खरंच लिहून घेतलं.

आणखी बरंच सांगायचा. आधी सात दिवस फुकट द्यायचं, आठव्या दिवशी कुलूप घालायचं. पोर रडलं की कुलूप उघडतं. चौकोनी तोंडाचा प्राणी चालत नाही, गोल तोंडाचा चालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल काही विकत घेत नाही, आई घेते. "आणि आईला काय हवं असतं, काकू? शिकणं नाही. आपलं पोर मागे नाही, एवढं कुणीतरी रोज सांगायला हवं असतं." म्हणून रोज संध्याकाळी सहा वाजता आईच्या फोनवर रिपोर्ट जायचा. चार ओळी. पाहणे, ऐकणे, मोजणे, लक्षात ठेवणे. प्रत्येकीपुढे टक्के.

खेळ साधा होता. आतली बाई गोड आवाजात विचारायची, बदक कुठे आहे? समोर चार चित्रं. पोराने बदकावर बोट ठेवलं की चांदण्या पडायच्या. चुकलं तर एक घुबड मान हलवायचं.

त्या घुबडापायी सगळं झालं.

एक दिवस बातमीदार तोंड पाडून आला. म्हणाला, दोनदा चुकलेली दहातली सहा पोरं ॲप बंद करतात आणि परत उघडत नाहीत. बाकीच्या कंपन्यांनी चूक काढूनच टाकलीय. आपणच मागासलेले.

"चूक काढून टाकली म्हणजे?" माझ्या मुलाने विचारलं.

"म्हणजे चुकूच द्यायचं नाही. दोन सेकंद थांबायचं. पोराने हात लावला नाही, तर बरोबरचं चित्र हळूच डोलवायचं. पोर तिथेच बोट ठेवणार."

"मग त्याला येतंय की नाही ते कसं कळणार?"

"कुणाला कळायला हवंय?"

मुलगा तेव्हा उखडला होता, हे मी सांगायला हवं. दोन दिवस त्याने ते केलं नाही. म्हणाला, मग तो रिपोर्ट खोटा होईल. बातमीदार म्हणाला, खोटा नाही, उदार होईल. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन टेबलाशी बसला आणि डोल घातला. डोल हेच नाव पडलं त्याचं. घुबड काढून टाकलं. चित्रवाल्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "घुबड मी आठ दिवस काढत होते."

महिन्याभरात तो हिरवा डोंगर उभा राहिला. पोरं जाईनात. बहुतेक आयांचे रिपोर्ट नव्वदीच्या वर. आणि आमच्या ठकीचा तर विचारू नका. सत्त्याण्णव. मी तो फोन घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. शिलाईचा हिशोबही बोटांवर करणारी मी, माझी नात तिसऱ्या वर्षी सत्त्याण्णव टक्के! शेजारणीच्या नातवाला चौऱ्याऐंशी होते. तिला मी मुद्दाम दोनदा दाखवला.

डोल घातल्यावर थोड्याच दिवसांनी ठकीला ताप आला. सर्दी, कान दुखणं, रडारड. सगळ्या पोरांना होतं तसं. औषध दिलं, ताप उतरला, कान दुखायचा थांबला. आम्ही सुटलो म्हणून मोकळे झालो.

त्यानंतर पोरगी बदलली. एकदम नाही. आधी गाणी म्हणायची बंद झाली. मग शब्दांची टोकं झिजायला लागली, साबणाची वडी झिजावी तशी. हाक मारली की यायची नाही. मी म्हटलं, शेफारली. सत्त्याण्णव टक्क्यांचं डोक्यात गेलं. एकदा ती माझी कापायची मोठी कात्री घेऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तीनदा सांगितलं, खाली ठेव. चौथ्यांदा जाऊन पाठीत धपाटा घातला. ती वळली आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, उद्धटपणा. मार खाऊन तोंडाकडे काय बघते.

मुलाला म्हटलं, "अरे, ही ऐकत नाही हल्ली."

त्याने फोन पुढे केला. "ऐकणे, सत्त्याण्णव. आई, तिचं सगळ्यात चांगलं तेच आहे."

"कागदावर असेल. हाकेला ओ देत नाही."

"तिला कंटाळा येतो गं. हुशार मुलांना येतो."

आता मी खोटं का बोलू, मला ते आवडलं. हुशार मुलांना येतो. मी गप्प बसले. सून एकदा म्हणाली होती, "आई, तिला एकदा दाखवून आणू या का?" तर मीच म्हटलं, "काय दाखवणार? डॉक्टरपेक्षा जास्त तर रोज तुझ्या फोनवर येतं." असे अकरा महिने गेले.

ठकीला बालवाडीत घालायचं ठरलं. म्हटलं, खोक्यातला गणवेश माझ्या नातीला नको. मशीनवरचं कव्हर काढलं, तेल घातलं, टेप घेतली. सकाळचे अकरा वाजले असतील, त्या दिवशी आम्ही दोघी घरीच होतो. पोरीला स्टुलावर उभं केलं, खिडकीकडे तोंड करून, आणि पाठीचं माप घ्यायला मागे गेले.

माप घेताना पोराच्या मागे उभं राहायचं आणि म्हणायचं, हात वर. पोर हात वर करतं. म्हणायचं, खाली. खाली करतं. चौतीस वर्षांत हजारो पोरांना मी हे सांगितलंय. द्वाड असो, मठ्ठ असो, झोपेतून उठवून आणलेलं असो, हात वर जातातच.

"हात वर," मी म्हटलं.

ठकी पडद्याचा दोरा ओढत होती.

"ठके, हात वर."

दोरा.

मी तिच्या कानामागे तोंड नेलं आणि ओरडले. ती दचकली, पण माझा श्वास मानेला लागला म्हणून. माझ्या हातातली टेप गळून पडली. मी टेबलावरची कात्री उचलली, लोखंडी, दोन्ही हातांनी धरावी लागते अशी, आणि फरशीवर सोडून दिली.

भिंतीपलीकडची शेजारीण दारात धावत आली. "काय हो पडलं?"

ठकीने मान वळवली नव्हती. दोरा लांब निघत होता, त्याची तिला मजा वाटत होती.

शेजारणीला मी काहीतरी सांगून घालवलं. मग जमिनीवर बसले. आणि बसल्या बसल्या एकच गोष्ट डोक्यात आली, की मग सत्त्याण्णव कसे?

एवढं फोनचं मलाही कळतं. ठकीचा घरचा टॅब घेतला, कडेची आवाजाची कळ दाबत दाबत पार शेवटाला नेली. सगळं मुकं. मग खेळ उघडून ठकीच्या मांडीवर ठेवला. आतली बाई विचारत असेल, बदक कुठे, गाजर कुठे, घर कुठे. मला ऐकू येत नव्हतं आणि तिलाही येत नव्हतं. आता आम्ही दोघी सारख्याच. ठकी बोट हवेत धरून थांबली. एक, दोन. गाजर डोललं. तिने गाजरावर बोट ठेवलं. चांदण्या पडल्या. ती माझ्याकडे बघून हसली.

वीस प्रश्न. एकोणीस बरोबर.

मी तिला कडेवर घेतलं, टॅब काखेत मारला आणि तो लोखंडी जिना चढले. बातमीदार चहा प्यायला गेला होता. चित्रवाली कानात गाण्याची बोंडं घालून चित्र काढत होती. मुलाला म्हटलं, "उठू नकोस. बघ फक्त." ठकीला बुटक्या टेबलाशी बसवलं, आवाज बंदच होता, आणि पुन्हा खेळ लावला.

त्याला समजावून सांगावं लागलं नाही. माझा मुलगा मठ्ठ कधीच नव्हता. पाचव्या चित्राला त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पोरीच्या पाठीमागे टाळी वाजवली. एकदा. मग जोरात. मग तो उठला आणि दार लावलं.

"आई, हे तू कुणाला दाखवलंस?"

मला वाटलं, बायकोच्या काळजीने विचारतोय. "नाही रे, तिला अजून सांगितलं नाही. संध्याकाळी आली की…"

"तिचं नाही विचारत. बाहेरच्या कुणाला?"

तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने मान खाली घातली. मग पोरीला उचलून छातीशी धरलं आणि ढसाढसा रडला. ते रडणं खरं होतं. पण आधी काय आलं आणि मागून काय आलं, ते मी बघितलं होतं.

कानाची डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. काचेच्या खोलीत ठकीला बसवून तिने अर्धा तास तपासलं. मग कानाचं मोठं चित्र काढून दाखवलं. उजव्या कानात घट्ट पाणी साचलंय, ते काढता येईल, तरी कानात ऐकायचं मशीन लागेल. डाव्यातलं बारीक हाड आतून पोखरलं गेलंय. ते परत येत नाही.

"आधी आणली असती तर?" सुनेने विचारलं.

"ताप उतरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत आणली असती तर हाड वाचलं असतं. आणि नुसत्या कानाचा प्रश्न नाही. तीन ते चार हे वर्ष बोलणं पक्कं व्हायचं असतं. तिचं ते वर्ष गेलं." मग तिने आमच्या तिघांकडे बघितलं. "तीन मोठी माणसं घरात. कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

सुनेने पर्स उघडली. फोन काढला आणि रिपोर्ट दाखवला. अकरा महिन्यांचे. सगळे हिरवे.

डॉक्टरणीने बघितलं. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात अजून एक आई हेच पान दाखवत होती."

माझ्या मुलाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गाड्या लावलेल्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर सून दोन दिवस कुणाशीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली. म्हणाली, "आई, तुम्हाला मी दोष देत नाही. पण एकदा मी म्हटलं होतं." बास, एवढंच. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला पचलं असतं.

आता खरी गोष्ट. त्याच महिन्यात एक मोठी कंपनी माझ्या मुलाचं ॲप विकत घेणार होती. बोलणी होत आली होती. मला हे ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ नंतर कळला. मी त्याला म्हटलं, "डोल काढ."

"काढतो."

"आज काढ."

"आज काढला तर डोंगर कोसळेल, आई. पोरं चुकतील, जातील. ते लोक रोज आकडे बघतायत."

"मग रिपोर्टमधली ऐकण्याची ओळ काढ."

"एक ओळ काढली तरी विचारतील, का काढली?"

"मग सांग का काढली."

बातमीदार बसलेला होता, तो खुर्चीत हलला. "काकू, तसं बोललो तर सगळंच संपेल."

"बरं, हेही नको. मग आयांना एक निरोप पाठवा. तुम्हाला रोज संध्याकाळी पाठवता येतो ना? एकच ओळ. मुलाचे कान एकदा तपासून घ्या. कारण सांगू नका. कळकळीने सांगितल्यासारखं सांगा. किती घरांत जातो हा तुमचा रिपोर्ट?"

"दोन लाख चाळीस हजार," मुलगा म्हणाला.

मला एवढी घरं डोळ्यांपुढे आणता येईनात. माझ्या अख्ख्या जन्मात मी आठ-नऊ हजार पोरांना कपडे घातले असतील.

"आई, असा त्रास शंभरातल्या एखाद्यालाच असतो," तो म्हणाला.

"मग शंभरातला एक म्हणजे किती होतात?"

बातमीदाराने सवयीने फोन काढला, बोट उचललं आणि फोन परत खिशात घातला. मुलाने फोनला हातही लावला नाही. त्याला ते तोंडी येत होतं.

शेवटी तो माझ्या गुडघ्यांशी येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. "सही होऊ दे. सही झाली की पहिलं काम हेच. तुझी शपथ. ठकीला मशीन लागणार, ऑपरेशन, बोलायला शिकवणारी बाई. ते सगळं याच्यातूनच यायचंय ना?"

मी थांबले. हे माझं पाप, मी लपवणार नाही. माझीच नात, माझंच पोटचं लेकरू, दोघांकडे बघून मी थांबले. सतरा दिवस. रोज संध्याकाळी सहा वाजले की मला वाटायचं, आता कुठल्यातरी घरात रिपोर्ट उघडला असेल. एका आजीने नातीच्या पाठीत धपाटा घातला असेल.

ठकीचं उजव्या कानाचं पाणी काढलं, मशीन बसवलं. मला वाटलं होतं, आवाज आला की पोरगी हसेल. तिने किंचाळून मशीन ओढून काढलं. नळ सोडला की रडायची. माझं शिलाईचं मशीन सुरू केलं तर पलंगाखाली जाऊन बसायची. वर्षभर गप्प असलेलं घर तिच्यावर एकदम ओरडायला लागलं होतं.

अठराव्या दिवशी दुपारी चारला दोघं आले. बातमीदाराच्या हातात फुलं होती. मुलाच्या हातात नवा टॅब, घेणाऱ्या कंपनीने ठकीला भेट दिलेला. सून रजेवर होती, ठकीला मांडीवर घेऊन आतल्या दारात बसली होती, मशीन कानात राहावं म्हणून हाताने धरून.

"झालं, आई," मुलगा म्हणाला. "आता ठकीची दहा वर्षं काळजी नाही."

"छान झालं. डोल कधी काढतोस?"

तो बसला. फुलं कुणीच घेतली नाहीत म्हणून बातमीदाराने ती खुर्चीवर ठेवली. "काकू, खरं सांगायचं तर त्यांना तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. ते आता दीड वर्षाच्या मुलांपर्यंत नेणार आहेत. दोन सेकंदांऐवजी एक."

"मी तुला विचारत नाही," मी म्हटलं. मग मुलाकडे वळले. "आयांना निरोप?"

"आता ते आपल्या हातात नाही."

"काल होतं."

"आई, कागदात लिहिलंय. दोन वर्षं ॲपबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. मी नाही, आमच्यातलं कुणीच नाही."

"हे कागदात आहे ते तुला कधी कळलं?"

तो हातातला नवा टॅब उलटासुलटा करायला लागला.

"सही करताना कळलं?"

"नाही."

"माझी शपथ घेतलीस त्या दिवशी माहीत होतं?"

दारातून सून त्याच्याकडे बघत होती. तिलाही हे नवीन होतं. तिच्या हातातून मशीन निसटलं आणि ठकीने लगेच ते काढून फेकून दिलं.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या मसुद्यातच होतं."

बातमीदार उठला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. ठकी सोडून आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. मुलाचा हात सवयीने खिशाकडे गेला, फोन बाहेर आला.

"तो खाली ठेव," मी म्हटलं. "आणि माझ्या तोंडाकडे बघ. पोरीचं जे झालं ते तू मुद्दाम केलं नाहीस. हे मी कुणापुढेही सांगेन. त्यात मीही आहे. तो रिपोर्ट घेऊन मी गल्लीभर मिरवले, बहिऱ्या पोरीला ऐकत नाही म्हणून मारलं, तुझ्या बायकोला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. ते माझं मी मरेपर्यंत वागवेन. पण तुला कळून अठरा दिवस होऊन गेले. त्यानंतरचं सगळं तू शुद्धीत केलंस. आईला शपथेवर गप्प बसवलंस आणि हातात पेन धरून सही केलीस. ठकीचं नाव मध्ये आणू नकोस. ठकीसाठी मी पुन्हा मशीनवर बसले असते, हिने दुसरी नोकरी धरली असती, तू टायरला हवा भरली असतीस. तुला बोलायची बंदी आहे, मला नाही. मी कसल्याही कागदावर अंगठा दिलेला नाही. उद्यापासून एकेका शाळेच्या दारात उभी राहीन आणि प्रत्येक आईला सांगेन, की पोराच्या पाठीमागे उभी राहून हाक मार. तुझं नाव विचारलं तर तेही सांगेन. तू या घरात राहा. लेकीला दवाखान्यात ने, तिचं मशीन तुझ्या हाताने लाव, ती कितीही ओरडली तरी. पण माझ्याकडे बघून पुन्हा म्हणू नकोस, आई, सगळं छान चाललंय. तू चुकलास असं मी म्हणत नाही. चुकणाऱ्याला मी जेवायला वाढलं असतं आणि डोक्यावरून हात फिरवला असता. तुला बरोबर काय ते येत होतं, आणि येत असून तू दुसऱ्यांची पोरं विकलीस."